उपकाराचे ओझे आणि कृतज्ञतेचा धम्म



दीक्षा घेऊन आपण घरी आलात. देव्हारा उतरविला. भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर लागली. परंतु जिभेची सवय जात नाही. लेकरू तापातून उठले की ‘देवाची कृपा’ हे शब्द तोंडी येतात. मग प्रश्न पडतो, आता आभार मानायचे कोणाचे?

राजगृहात सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी ओलेत्याने सहा दिशांना हात जोडीत असे. बापाने मरताना सांगितले होते, एवढेच त्याला ठाऊक. तथागतांनी त्याची टिंगल केली नाही. त्यांनी दिशांचा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण गुरुजन, पश्चिम पत्नी व मुले, उत्तर मित्र, खालची दिशा कामकरी आणि वरची श्रमण. यांच्याशी कर्तव्याने वागणे हाच नमस्कार. आणि कर्तव्य दोन्ही बाजूंना! कामकऱ्याने चोख काम करावे. मालकाने झेपेल तेवढेच काम सांगावे, अन्न-वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी.

‘उपकार’ हा शब्द आपल्याला बोचतो, आणि त्याला कारण आहे. आपल्या आजा-पणजांना वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबविले आणि वर शिळ्या तुकड्याचे उपकार मानायला लावले. या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली, तिला ते स्वतः आले होते. घामाच्या मोबदल्याला उपकार म्हणणे ही लाचारी होय. ती आपण टाकली.

पण लाचारीबरोबर कृतज्ञताही टाकली तर घर कोरडे होईल. पालीत दोन शब्द जोडीने येतात. कतञ्ञू म्हणजे केलेले जाणणारा; कतवेदी म्हणजे ते बोलून आणि कृतीने दाखविणारा. अशी माणसे जगात दुर्मिळ, असे तथागतांनी सांगितले आहे.

तर आजपासून एवढे करा. संध्याकाळी त्रिशरण-पंचशील झाले की जेवणाआधी पाच मिनिटे सगळे एकत्र बसा. प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगाव्यात: आज माझ्यासाठी कोणी काय केले, आणि उद्या मी काय करणार. कळंब-वाशीकडे आईबाप ऊसतोडीला जातात, तेव्हा मागे आजी नातवंडांची शाळा सांभाळते. नातवाने म्हणावे, “आजी, तू पहाटे उठून भाकरी केलीस. उद्या पाणी मी भरतो.” पुरुषांनो, पत्नीचे कष्ट तुम्हीही मोठ्याने बोलून दाखवा. यात कमीपणा नाही. ज्या दिवशी काही सुचणार नाही, त्या दिवशी ताटातल्या भाकरीकडे पाहा. पेरणी, खुरपणी, काढणी करणारे हात आठवतील.

शेवटी स्वतःलाच एक विचारा. १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांना हार घालतो, तेव्हा आपण कतञ्ञू झालो. पण वस्तीतल्या एखाद्या मुलीची शाळा वह्यांवाचून सुटत असेल आणि आपण गप्प राहिलो, तर कतवेदी झालो का? बाबासाहेबांचे ऋण त्यांना परत देता येत नाही. ते त्या मुलीलाच द्यावे लागते.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!