तीस वर्षांचा भरवसा

परकीय भांडवल आले की हाताला काम मिळते, काम मिळाले की तरुण बंदूक खाली ठेवतो आणि देश मार्गी लागतो, ही समजूत जुनी आहे. तिला बळ दिले ते १९४८च्या मार्शल योजनेने. अमेरिकेने चार वर्षांत सुमारे १३०० कोटी डॉलर दिले आणि पश्चिम युरोप सावरला. पुढच्या पिढ्यांनी त्यातून धडा घेतला तो मात्र अर्धाच. युरोपात कारखाने आणि पूल पडले होते, पण जमीन कुणाची हे सांगणारी दप्तरे, कर वसूल करणारे कारकून आणि निकाल देणारी न्यायालये यांची सवय लोकांत शिल्लक होती. आलेला पैसा त्या जुन्या वाटांनीच वाहिला.

२००१ नंतर अफगाणिस्तानात वापरला गेला तो हाच अर्धा धडा. काबूलजवळच्या लोगर प्रांतात मेस अयनक येथे तांब्याचा प्रचंड साठा आहे. २००८ मध्ये चिनी सरकारी कंपनीच्या नेतृत्वाखाली तो ३० वर्षांच्या कराराने घेतला गेला. २०११ मध्ये बामियानमधील हाजीगकच्या लोहखनिजासाठी ‘सेल’च्या पुढाकारातील भारतीय कंपन्यांच्या गटाची निवड झाली. २०२१ मध्ये प्रजासत्ताक कोसळले तोवर दोन्हीकडे व्यापारी उत्पादन सुरू झालेले नव्हते. हल्ल्यांची भीती हे त्याचे एक कारण, पण एकमेव नाही. मेस अयनकला तांब्याच्या वर प्राचीन बौद्ध विहारांचे अवशेष आहेत आणि भोवती गावे आहेत. अवशेष कुठे हलवायचे, गावकऱ्यांना काय द्यायचे, पाणी कुठून आणायचे, यातल्या प्रत्येक प्रश्नाला सर्वांना मान्य होईल असा निवाडा करणारी यंत्रणा लागते. तीच कच्ची होती.

यावर मोबाइलचा दाखला दिला जातो, आणि तो खरा आहे. युद्ध चालू असतानाच तिथे परकीय भांडवलावर मोबाइल सेवा पसरली. २००८ मध्ये तालिबानने रात्री टॉवर बंद ठेवण्याचे फर्मान काढले, काही टॉवर उडवले, तरी सेवा टिकली. पण रिचार्ज करणारा ग्राहक पैसे आधी देतो आणि कंपनीची वसुली रोजच्या रोज होते. तिथे राज्यावर थोड्या काळाचा भरवसा पुरतो. खाणीला तोच भरवसा ३० वर्षांचा लागतो, कारण खड्डा खणून झाल्यावर तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की तिजोरी रिकामी असताना न्यायालये उभी करायची कशी? आधी खाण, मग कारभार. पण २०२१ पूर्वी सरकारी खर्चाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग परकीय अनुदानातून भागत होता. टंचाई होती ती करदात्याला उत्तर देण्याच्या सवयीची. शिक्षकांचे आणि सैनिकांचे पगार ज्या काबूल बँकेतून होत, तिच्यातून मालकांनी आणि त्यांच्या गोतावळ्याने सुमारे ९० कोटी डॉलरची कर्जे उचलली. त्यातला काही पैसा दुबईतल्या बंगल्यांत गेला. २०१०च्या सप्टेंबरमध्ये बँकेच्या दारात ठेवीदारांची झुंबड उडाली.

हे विद्वानांनी ओळखले नव्हते असे नाही. आधी संस्था, मग खुली बाजारपेठ, असे रोलँड पॅरिस यांनी २००४ मध्येच मांडले. कोलमडलेली राज्ये कशी सावरावीत यावर अशरफ घनी यांनी २००८ मध्ये सहलेखकासह पुस्तक लिहिले. तेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०२१ मध्ये त्यांनाच देश सोडावा लागला. संस्था सुधारायला एक पिढी लागते, हे जागतिक बँकेच्या २०११च्या अहवालाने सांगितले, पण देणगीदारांचे वेळापत्रक त्याहून फार आखूड होते.

आता बंदुका बऱ्याच शांत आहेत, मग भांडवल येईल का? २०२३ मध्ये तालिबान राजवटीने अमू दर्या खोऱ्यातील तेलासाठी चिनी कंपनीशी २५ वर्षांचा करार केला आणि २०२५ मध्ये तो रद्द केला. दोष कुणाचा हे ठरवणारे, दोघांनाही मान्य असे तिसरे दार देशात नाही. शांतता म्हणजे राज्य नव्हे, हे यातून दिसते. म्हणून युद्धग्रस्त देशाने परकीय गुंतवणूकदारांच्या परिषदा भरवण्याआधी आपल्याच ठेवीदाराकडे पाहावे. तो पैसा घेऊन दुबईला निघाला असेल, तर परका येऊन ३० वर्षे थांबणार नाही.