पुन्हा बसू का?

“गुरुजी, पुन्हा बसू का?” पणत्यांत तेल घालता घालता शेजारच्या मुलीने विचारले. आपल्या वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची कोविद परीक्षा ती उत्तीर्ण झाली होती, पण तिसऱ्या श्रेणीत. उन्हाळ्यात कॉलेजचा अर्ज भरायचा. त्याआधी श्रेणी सुधारावी काय?

“बस की!” मी चटकन म्हणालो. रात्री मात्र झोप येईना. तिला शिकवले मी. मग ती तिसरी श्रेणी खुपत होती कोणाला? तिला, की मला?

परीक्षेला नावे ठेवणे सोपे असते. पवनारचे विनोबा १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले, सुरतेस उतरले आणि त्यांनी काशी गाठली. ही गोष्ट आळशी मुलांना तोंडपाठ असते. पण कुराण मुळातून वाचता यावे म्हणून पुढे तेच अरबी शिकले, हे कोणी सांगत नाही. त्यांनी परीक्षा सोडली, अभ्यास नव्हे.

सकाळी तिला हाक मारली. म्हटले, “पोरी, काल मी माझ्या अब्रूपायी बोललो. नुसता डाग पुसायचा असेल, तर आईचे पैसे खर्चू नकोस. भाषा कच्ची वाटत असेल, तर अवश्य बस.”

ती खाली मान घालून म्हणाली, “गुरुजी, प्रेमचंद मी गाइडातूनच वाचला.”

समिती निघाली १९३६ साली, ‘गोदान’ही त्याच वर्षीचे. कपाटातली प्रत मी तिच्या हाती ठेवली. बसायचे की नाही, ते पुस्तक मिटल्यावर तिचे तीच ठरवील.