आजीची मूठ

चि. छकुलीस,


परवा फोनवर तू विचारलंस, "आबाजी, तुमच्या आजीचा एखादा फोटो आहे का हो?" फोटो नाही, बाळ. तिचा कोणी काढलाच नाही. नात्याने ती तुझी खापरपणजी. तुझ्या बाबालासुद्धा ती ठाऊक नाही, आणि ज्या घरात ती राहिली ते घरही आता गोसेखुर्दच्या पाण्याखाली आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे तिचा उजवा हात अजून आहे. तांदळाची मूठ भरून गाडग्यावर धरलेला. त्या हाताबद्दल लिहितो.

आपलं जुनं गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठाला. कार्तिकात महिनाभर ती पहाटेच्या अंधारात नदीवर आंघोळीला जायची. ओल्या लुगड्याने परत येऊन तुळशीला पाणी घालायची, मग सडा, मग चूल. एकादशी तिने कधी चुकवली नाही. महाशिवरात्रीच्या आधी महादेवाचे पोहे, म्हणजे यात्रेकरू, डमरू वाजवत गायमुखाकडे निघाले की त्यांची वाट बघत ती ओसरीवर उभी राहायची आणि प्रत्येकाच्या पायांवर पाणी घालायची. पवनीला आम्ही विदर्भाची काशी म्हणतो. वर्षातून एकदा रेंगीत बसून ती तिथल्या घाटावर जाऊन यायची, आणि येताना आम्हा पोरांसाठी फुटाणे. वाचता येत नव्हतं तिला. ऐकलेलं मात्र सगळं पाठ होतं.

आता मुठीचं सांगतो. भाताला आधण ठेवलं की ती सुपात तांदूळ घ्यायची. ते धुण्याआधी त्यातली एक मूठ चुलीशेजारच्या मातीच्या गाडग्यात जायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. मूठ सोडताना ती फक्त "देवाची" म्हणायची. दर अक्षय्य तृतीयेला कुंभाराकडून नवं गाडगं यायचं. एका मुठीत ५० ग्रॅम धरले तर वर्षाचे साडेछत्तीस किलो होतात. हा हिशोब मी नोकरीला लागल्यावर केला. तिने कधीच केला नाही.

लहानपणी मी तिला विचारलं होतं, "देव येऊन जेवते का वं आजी?" ती म्हणाली, "देवाले भूक नाई लागत. मानसाले लागते." आपल्या झाडीच्या बोलीत ळ नाही आणि ण नाही. तांदळाला ती "तांदूर"च म्हणायची. तू हे वाचताना तसंच म्हणून बघ, म्हणजे तिचा आवाज थोडा तरी ऐकू येईल.

तू धानाच्या मुलखातली, पण पुण्यात वाढलीस, म्हणून सांगतो. आषाढ-श्रावणात रोवणी चालते. बाया दिवसभर वाकून चिखलात पऱ्हे रोवतात. नवा धान हाती येतो तो दिवाळीच्या आगेमागे. मधले दोन-तीन महिने मजुराच्या घरी ढोली खडखडते, आणि नेमकं त्याच दिवसांत अंगमेहनतीचं काम असतं. आजीचं गाडगं त्याच दिवसांत रिकामं व्हायचं. कोणी मागायला यायचं, कोणाकडे ती स्वतः पाठवायची. परत कोणाकडून घेतलं नाही.

इथवर सांगून थांबलो असतो तर तुला एक पुण्यवान म्हातारी दिसली असती. पण ती पूर्ण खरी नसती.

गावाच्या आखराजवळच्या वस्तीतली एक बाई आपल्या बांधीत रोवणीला यायची. हात फार चलाख. तिलाही आजी तांदूळ द्यायची, पण कसे? ती बाई अंगणात पदर पसरून उभी राहायची आणि आजी ओसरीवरून, हात उंच धरून, वरून सोडायची. काही दाणे शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडायचे. बाई ते वेचून घ्यायची. मी हे पाहिलं आहे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही तुला सांगायला हवं.

आपल्या जिल्ह्याने बाबासाहेब आंबेडकरांना जवळून पाहिलं होतं. १९५४ साली ते भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा इकडच्या वस्त्यांतून माणसं तिकडे लोटली होती. त्या बाईचं घरही जाऊन आलं होतं. मी दहाएक वर्षांचा असेन. एका श्रावणात आजी गाडगं घेऊन ओसरीवर आली, तर त्या बाईने पदर पसरलाच नाही. हात बांधून म्हणाली, "वरून टाकाचं असन तं राहू द्या, बाई. हातात द्याल तं घेईन."

आजी गाडगं घेऊन आत गेली. बाई रिकामी परतली. त्यानंतर रोवणीला यायची, मजुरी घ्यायची, पण तांदळाला कधी आली नाही. त्या वर्षी गाडगं दिवाळीपर्यंत अर्धं भरलेलं राहिलं. तांदळाला सोंडे लागले. आजीने ते उन्हात घातले, पाखडले, पण बोलली काही नाही.

गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना व्हायची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची शिस्त अशी की सगळ्यांनी एकाच ओळीत बसायचं. आजीला भजनाची ओढ, म्हणून जायची, पण कडुनिंबाखाली वेगळी बसायची. ११ ऑक्टोबर १९६८ला महाराजांनी मोझरीला देह ठेवला. बातमी आली त्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. आजी कडुनिंबाकडे गेली नाही. ओळीत जिथे जागा होती तिथे बसली. शेजारी कोण आहे हे तिने पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिने गाडगं माझ्या डोक्यावर दिलं आणि आम्ही आखराकडे निघालो. त्या बाईच्या दारात पोचल्यावर आजीने ओंजळीने तांदूळ काढले आणि तिच्या हातात दिले. हाताला हात लागला. मग उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "पानी दे वं, तहान लागली." बाई क्षणभर तशीच उभी राहिली. मग लोटी भरून आणली. आजी ती तोंडाला लावून पाणी प्याली. घरी आल्यावर काकूने आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. ते तसंच थंड झालं.

तिला उशीर झाला, छकुली. साठी उलटून गेल्यावर हे घडलं, आणि ते तिने ऐकलेल्या पोथ्यांनी घडवलं नाही. ज्या बाईने भुकेच्या दिवसांत तांदूळ नाकारले, तिने घडवलं. आजीच्या भक्तीत जे उणं होतं ते त्या बाईने भरून काढलं, असं मी आज मानतो. दोघींची आठवण मी एकत्रच काढतो.

पुढे १९६९-७०मध्ये पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं. मंदिराच्या टेकडीखाली प्राचीन बौद्ध स्तूप निघाला, ब्राह्मीतले लेख निघाले. घरात चर्चा झाली. आजी त्या टेकडीला कितीदा नमस्कार करून आलेली. ती म्हणाली, "खाली कोन हाये हे मालूम नसताना पाया पडत होती. आता मालूम झालं तं का पडू नको?" पुढच्या खेपेला गेली आणि पडली.

शेवटच्या वर्षांत तिचा हात आक्रसला. बोटं वाकडी झाली, मुठीत दाणे मावेनात. तेव्हा ती मूठ सोडायची आणि वरून चिमूटभर आणखी टाकायची. मी म्हटलं, "आजी, मूठ झाली ना!" तर म्हणाली, "हात लहान झाला माहा. त्याचं माप कायले लहान करू?"

ती १९७८च्या कार्तिकात गेली. जवळजवळ दहा वर्षांनी, २२ एप्रिल १९८८ला, राजीव गांधींच्या हस्ते गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली. मग गाव उठलं. सामान हलवताना तुझी आजी रिकामं गाडगं मांडीवर घेऊन ट्रॅक्टरमध्ये बसली होती. ते फुटलं, त्यानंतरही कितीतरी फुटली. दर अक्षय्य तृतीयेला नवं येतं.

यंदाचं ओट्याखाली ठेवलंय. धान निसवायला आलाय, तू दिवाळीला येशील तोवर कापणी लागेल. आल्यावर पहिल्या दिवशीचा भात तू लाव. तुझ्या मुठीत किती मावतात ते बघू.

तुझा,
आबाजी