वामन कोठी गेला?

गेल्या वर्षी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी गाण्यांचा पेन ड्राइव्ह मी बनवला. पुण्याहून चार दिवसांची सुट्टी काढून कारध्याला आलो होतो. पोरं म्हणाली, "दादा, तू कंप्युटरवाला, तूच कर." कारधा म्हणजे वैनगंगेच्या काठावरचं, भंडाऱ्याच्या समोरचं गाव. पावसाळ्यात बातम्यांमध्ये नदीची पातळी 'कारधा पुलाजवळ' सांगतात, बाहेरच्यांना आमची ओळख तेवढीच.

चौदा गाणी घेतली. प्रत्येकाचं धृपद आणि एक कडवं ठेवलं, मध्ये बीट भरले. अठरा मिनिटांचं मस्त मॅशअप झालं. त्यातला एक तुकडा रील म्हणून टाकला आणि खाली लिहिलं, 'गीत : पारंपरिक'. शोधत बसायचा कंटाळा आला होता, दुसरं कारण नाही.

मिरवणुकीत शेजारचे आबाजी खुर्ची टाकून बसले होते. गाणी ऐकत मान डोलावत होते, पण प्रत्येक गाण्याच्या शेवटी मान थांबायची. नंतर मला जवळ बोलावून म्हणाले, "गानं पुरं झालंच नाई ना, बापू. वामन कोठी गेला?"

मला आधी कळलंच नाही. घरी जाऊन मूळ गाणी शेवटपर्यंत ऐकली. त्यातल्या निम्म्याहून जास्त गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' होता. मी कापलेलं कडवं नेमकं तेच.

हा वामन म्हणजे वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईत आले, गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत काम केलं, चिक्की विकली. अक्षरओळख नव्हती. एकदा कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं, ते जमलं नाही, आणि ती लाज मनाला इतकी लागली की मोठ्या वयात देहलवी नावाच्या मास्तरांकडून बाराखडी शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत पक्की केली. १९४३ मध्ये पहिलं गाणं. मग साठ वर्षं खेड्यापाड्यांतून, वस्त्यांवरून, मिळेल त्या वाहनाने हिंडत गाणं. 'वाटचाल' आणि 'मोहळ' हे त्यांचे संग्रह आहेत, पण बहुतेक गाणी पुस्तकात मावलीच नाहीत. लोक दहा हजारांचा आकडा सांगतात. मोजली कुणी? जो गायक मागेल त्याला ते गाणं देत गेले. १५ मे २००४ ला गेले.

कवीने शेवटच्या ओळींत आपलं नाव गुंफायचं, याला नाममुद्रा म्हणतात. अभंगात 'तुका' येतो, तसंच हे. शाळेत मला वाटायचं ही जुन्या लोकांची सही करायची सवय असेल. आता माझ्या धंद्याच्या भाषेत बघतो तेव्हा वेगळं दिसतं. ओपन सोर्समध्ये एमआयटी लायसन्स असतं. कोड घ्या, बदला, विका, काहीही करा, अट एवढीच की मूळ लेखकाच्या नावाची आणि परवानगीची नोटीस सोबत ठेवा. पण ती नोटीस वेगळ्या फाइलमध्ये असते, कुणीही उडवू शकतो. वामनदादांनी ती गाण्याच्या आतच, यमकात बसवली. नाव काढायचं तर गाणं मोडावं लागेल. मी ते मोडलं.

वाईट वाटायला आणखी एक कारण होतं. आधीच्या एका कंपनीत मी दोनशे ओळींची स्क्रिप्ट लिहिली होती. वरिष्ठाने ती क्लायंटला दाखवताना माझं नाव काढलं. त्यावर मी तीन महिने धुमसत होतो, मित्रांचं डोकं खाल्लं. दोनशे ओळी! पगारही मिळाला होता त्याचा.

तरी स्वतःच्या बाजूने वकिली करून पाहिली. पहिला मुद्दा : लेखक विसरला जातो तेव्हाच गाणं लोकगीत होतं, मग हा मानच नाही का? दुसरा : वामनदादांचं पहिलं गाणंही एका हिंदी सिनेमाच्या गाण्याचं विडंबन होतं, म्हणजे चाल दुसऱ्याचीच. हा दुसरा मुद्दा मला अजून पूर्ण खोडता येत नाही. एवढंच म्हणेन, ती चाल कुणाची हे तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायचं, विडंबनाची गंमतच त्यावर चालते. माझ्या 'पारंपरिक'मध्ये तसलं काही नव्हतं.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी अडलो तो आजीमुळे. आजी जात्यावर ओव्या म्हणायची, त्या कुणाच्या हे कुणीच विचारलं नाही, आणि आम्ही त्याला मोठ्या कौतुकाने 'लोकसाहित्य' म्हणतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या तेव्हा गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून घेतलं. म्हणजे विचारलं की नावं निघतात. बिननावाची असणं हा ओवीचा गुण नव्हता, तिला विचारणारं कुणी नव्हतं.

ज्या माणसाला तरुण वयापर्यंत स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, ज्याच्या जातीला अक्षरच नाकारलं होतं, त्याने हजारो वेळा 'वामन' म्हणून ठेवलं. त्यात मालकी कुठे आहे? गाणी तर त्याने वाटून टाकली. हे मी बोललो, याचा जाब मला विचारा, एवढंच त्यात आहे. आमच्या भंडाऱ्यात १९५४ च्या पोटनिवडणुकीत खुद्द बाबासाहेब उभे राहिले आणि हरले. त्या हरलेल्या मतदारसंघात त्यांचा विचार पुढे घरोघर कुणी पोचवला, याचं उत्तर देताना 'परंपरेने' म्हणायचं का? परंपरा काही एस. टी.ने फिरत नाही. (बाबासाहेबांनी एका जलशाला आपल्या दहा सभांच्या बरोबरीचं म्हटल्याचं सांगतात, ते भीमराव कर्डकांच्या जलशाबद्दल. दोन्ही कर्डकांची गल्लत सर्रास होते. नावाच्या बाबतीत आपण किती ढिले आहोत बघा.)

आणि गंमत अशी की नाव पुकारण्यात आपल्याला अडचण कधीच नसते. भीमगीतांच्या कार्यक्रमात पन्नास रुपये बक्षीस देणाऱ्याचं नाव माइकवरून, गावासकट, दोनदा घेतात. गायक गाणं थांबवून घेतो.

यंदा मी मॅशअप परत केलं. प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं ठेवलं. सत्तावीस मिनिटं झाली. पोरांची कुरकुर, की नाचायची लय तुटते. तुटते, खरंच तुटते, मी नाचून पाहिलं. शेवटी ठरलं की चौकात पोचेपर्यंत जुनं वाजेल आणि चौकात पूर्ण गाणी. रीलखालचं 'पारंपरिक' काढून नावं टाकली, वामनदादांची, इतरांची. दोन गाणी उरली. त्यांच्यात नाममुद्रा नाही आणि नेटवर प्रत्येकाची तीन-तीन नावं सापडतात. त्यांच्यापुढे 'गीत :' एवढंच लिहून ठेवलंय. आबाजींना अजून विचारलेलं नाही. सध्या ते मुलीकडे तुमसरला आहेत.