सावकाराचे ऋण आणि गुरूचे ऋण

स्वतंत्र चित्रपट निर्माता भांडवल उभे करतो, माणसे नेमतो आणि जमाखर्चाचा मेळ घालतो. चित्रपटकला शिकवणारी शाळा नव्हती, त्या काळात हाताखालच्या माणसांना घडवण्याचे कामही त्याच्याकडेच असे. एकाच माणसात मालक आणि गुरू वस्तीला आले, की धर्मविचारातला एक जुना प्रश्न उभा राहतो. शिकून तयार झालेला शिष्य अशा माणसाचे काय देणे लागतो? दिलेली विद्या ही परतफेडीच्या बोलीवर दिलेली रक्कम मानावी की दान? मराठी चित्रपटाच्या इतिहासात हा प्रश्न सर्वांत ठळकपणे दिसतो तो बाबूराव पेंटर यांच्या कारकिर्दीत.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात, कारागिरांच्या घरात झाला. बंधू आनंदराव यांच्यासह ते संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत आणि त्या कामामुळेच दोघांना ‘पेंटर’ हे नाव चिकटले. फाळक्यांच्या चित्रपटांनी दोघांनाही या नव्या कलेची ओढ लावली. स्वतःचा कॅमेरा बनवायचा, असा त्यांचा ध्यास होता. पण १९१६ मध्ये आनंदराव गेले. विष्णुपंत दामले यांना हाताशी घेऊन बाबूरावांनी १९१८ मध्ये तो कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात झळकला. फाळक्यांना १९१३ मध्ये तारामतीची भूमिका पुरुषाकडून करून घ्यावी लागली होती. ‘सैरंध्री’त मात्र स्त्रियांनीच काम केले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

या कंपनीत शिकणे म्हणजे काम करणे. व्याख्यान नाही, वही नाही. बाबूराव आधी पात्रे आणि पेहराव कागदावर रेखाटत, मग दृश्य उभारत. रंगवलेल्या सपाट पडद्यांच्या जागी त्यांनी खोली असलेले भरीव सेट आणले आणि ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. चित्रपटाची जाहिरातही ते स्वतः रंगवत. दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि १९२०च्या सुमारास आलेला शांताराम वणकुद्रे हा तरुण, हे सगळे पडेल ते काम करत शिकले. सामान उचलणाऱ्या हातांनी पुढे कॅमेरा धरला आणि रंग कालवणाऱ्यांनी सेट उभारले. शांतारामांनी १९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला, तो याच कंपनीसाठी.

ऋणाचा प्रश्न बाबूरावांनी स्वतः पडद्यावरही मांडला होता. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा ‘सावकारी पाश’ १९२५ मध्ये आला. पौराणिक चित्रपटांच्या त्या काळात ही कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट होती. एका दृश्यात अंधारात बुडालेली झोपडी दिसते आणि तिच्यापाशी एक कुत्रा रडतो. चित्रपट मूक होता. ते रडणे प्रेक्षकाला डोळ्यांनी ऐकावे लागे. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनी केली होती. गुरूने शिष्याला कर्जबाजारी माणसाच्या जागी उभे केले आणि सावकाराचे ऋण कसे असते ते दाखवले. ते व्याजाने वाढते, फेडणाऱ्याला जागचे हलू देत नाही आणि शेवटी त्याचे घरच गिळते.

गुरूचे ऋणही असेच असते का? महाभारतातल्या द्रोणाचार्यांनी ते तसे वसूल केले. अर्जुनाला दिलेला शब्द राखण्यासाठी त्यांनी एकलव्याचा अंगठा मागितला. त्याला त्यांनी शिकवलेही नव्हते, तरी गुरुदक्षिणेच्या नावाने त्याची विद्याच काढून घेतली. राजाश्रयाला बांधलेल्या गुरूच्या मनात सावकार कसा शिरतो, याचे याहून बोचरे उदाहरण भारतीय परंपरेत क्वचितच सापडेल.

दुसरे टोक शूर्पारकाच्या कथेत आहे. वसई तालुक्यातले नालासोपारा म्हणजेच हे प्राचीन बंदर. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये इथला बौद्ध स्तूप उकरला. ‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथातला पूर्ण हा याच शूर्पारकाचा व्यापारी. चंदनाच्या व्यापाराने आणि समुद्रप्रवासांनी तो श्रीमंत झाला. एका सफरीत सोबतच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून त्याने बुद्धवचने ऐकली आणि पुढे तो भिक्षू झाला. ज्या प्रदेशातले लोक उग्र म्हणून ओळखले जात, तिथेच शिकवायला जाण्याचे त्याने ठरवले. ते शिव्या देतील, मारतील, जीवही घेतील, तर काय करशील, असे बुद्धाने एकेक पायरी चढवत विचारले. प्रत्येक वेळी पूर्णाने त्यांचा चांगुलपणाच पाहिला. नफातोटा जन्मभर मोजलेल्या या माणसाने शिकवताना मात्र परतफेडीची अट घातली नाही.

चित्रपट निर्मात्याला पूर्णासारखे व्यापार सोडून देणे शक्य नसते. विद्या दिल्याने कमी होत नाही हे खरे, पण ती देताना वेळ आणि पैसा खर्च होतो. तानीबाईंचे भांडवल खरे होते, कामगारांचे पगार खरे होते. म्हणून दोन ऋणे वेगळी ओळखावी लागतात. पैशाचे ऋण ज्याचे त्याला परत द्यायचे असते आणि दिलेला शब्दही पाळायचा असतो. विद्येच्या ऋणाची वाट निराळी. वैदिक परंपरेने माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो असे मानले आणि त्यांतले ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे सांगितले. ऋषी काही हात पसरून वसुलीला येत नाहीत. मिळालेले ज्ञान जिवंत ठेवून पुढच्याच्या हाती दिले, की ते फिटते. सावकाराच्या ऋणाला मागे जावे लागते, गुरूचे ऋण पुढे जाते.

बाबूरावांच्या आयुष्यात हा भेद कसोटीला लागला. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम कंपनीतून बाहेर पडले आणि १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी काढली. मालकाच्या वहीत हा निव्वळ तोटा होता, कारण वर्षानुवर्षे घडवलेली माणसे एकदम गेली होती. बोलपट आले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यात टिकली नाही. प्रभातने मात्र १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ दिला. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा गुरूने करावी, असे जुने वचन आहे. ते उच्चारणे सोपे असते; बाबूरावांच्या वाट्याला ते खरोखर जगणे आले.

त्यांचे शिकवणे तिथे थांबले नाही. १९३६ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ बोलपट म्हणून पुन्हा केला आणि त्यातून चंद्रकांत मांढरे हा अभिनेता व चित्रकार पुढे आला. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’वर दिग्दर्शक म्हणून दोन नावे आहेत: बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम. निर्मिती शांतारामांच्या राजकमल कलामंदिराची होती. अठरा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या शिष्याच्या संस्थेत गुरूने काम केले आणि दोघांची नावे एकाच पाटीवर आली. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव निवर्तले.

प्रभातने १९३३ मध्ये आपला मुक्काम पुण्याला हलवला होता. कंपनी बंद पडल्यावर तिच्या त्याच जागेत १९६० मध्ये केंद्र सरकारची चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. बाबूरावांच्या शिष्यांनी उभारलेल्या स्टुडिओत तेव्हापासून विद्यार्थी कॅमेरा आणि प्रकाश शिकत आले आहेत.