माईंचा रिपोर्ट

माई डोंबिवलीला फडके रोडच्या मागे राहायच्या, त्यांची धाकटी जाऊ कल्याणला पारनाक्याला. माई अंगाने भरलेल्या, पंधरा वर्षांची साखर. धाकटी काटकुळी, तिला साखर नाही. एकदा दोघींनी ठाण्याला नौपाड्यात जाऊन हाडांची घनता मोजून घेतली. माईंचा टी-स्कोअर उणे ०.६ आला, म्हणजे नॉर्मल. धाकटीचा उणे २.१, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलेली. परतीच्या लोकलमध्ये माई तिला ऐकवत होत्या, "अगं, खात जा काहीतरी. माझी हाडं बघ, डॉक्टरांनी लिहून दिलंय."

धाकटीने ते मनावर घेतलं. रोज चालायला लागली, जेवणात नाचणी आली, न्हाणीघराची गुळगुळीत फरशी तिने बदलून घेतली. माईंनी रिपोर्ट कपाटात ठेवला आणि हाडांची काळजी सोडली. तळपाय इतके बधिर झाले होते की चालताना चप्पल निसटली तरी त्यांना कळायचं नाही. डोळे तपासायचं तर दोनदा पुढे ढकललं होतं.

आषाढी एकादशीला सकाळची साखरेची गोळी नेहमीसारखी घेतली, दुपारी वाटीभर भगर, पुढे काही नाही. दिवेलागणीला देवापाशी जायला उठल्या, दरदरून घाम फुटला, हात थरथरले आणि उंबऱ्याशी पडल्या. कुठून उंचावरून नाही, उभ्या होत्या तिथेच. तेवढ्याने खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन ठाण्यात झालं. शुद्धीवर आल्यावर माईंनी पहिलं विचारलं, "माझा रिपोर्ट खोटा होता का?"

"खोटा नव्हता, आजी," डॉक्टर म्हणाले. "यंत्राने खनिज मोजलं, ते तुमच्या हाडात भरपूर आहे. पण हाडात कोलॅजनचे धागेही असतात, त्यांच्यामुळे हाड जरासं लवतं, धक्का सोसतं. रक्तात साखर चढी राहिली की ती त्या धाग्यांना चिकटते. सुतळी पाकात बुडवून वाळवून बघा. हाताला कडक लागते, वाकवली की कटकन मोडते."

मग त्यांनी पेशींचं सांगितलं. हाडाची डागडुजी जन्मभर चालू असते. ऑस्टिओक्लास्ट जुनं हाड खोदून काढतात, ऑस्टिओब्लास्ट तिथे नवं भरतात. बरीच वर्षं साखर चढी राहिली की भरणाऱ्या पेशी मंदावतात. त्यातच हाडात गाडलेल्या ऑस्टिओसाइट पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन जास्त सोडतात, आणि ते भरणाऱ्यांना आणखी थोपवतं. जुनं, थकलेलं हाड तसंच राहून जातं, आणि मापात मात्र दाट दिसतं.

"पण यंदा त्यांचा तीन महिन्यांचा रिपोर्ट सुधारलाय," धाकटी म्हणाली.

"तो रक्ताचा. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तिच्यावरची साखर तीन महिन्यांचीच असते. हाडातलं कोलॅजन मात्र वर्षानुवर्षं तेच असतं."

आपल्याकडे साखर असलेल्या माणसाच्या डोळ्यांची, किडनीची, पायांची चौकशी होते, हाडांची फारशी होत नाही. माईंचा टी-स्कोअर सगळ्यांनी वाचला, पण त्याच्याशेजारी साखरेची पंधरा वर्षं कोणी मांडली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. ती मांडली असती तर बधिर पाय, राहिलेली डोळ्यांची तपासणी आणि उपासातली गोळी, या तिन्ही गोष्टी वेळेत लक्षात आल्या असत्या. घसरलेली साखर माईंना पाडून गेली, पण त्या साध्या पडण्याने खुबा मोडला तो वर्षानुवर्षं चढ्या राहिलेल्या साखरेमुळे.

धाकटी महिनाभर डोंबिवलीला येऊन राहिली. संडासात धरायला दांडा बसवला, माईंचे डोळे तपासून आणले, रात्री-अपरात्री उठल्यावर अंधार नको म्हणून दिवा लावून ठेवायला सुरुवात केली. माईंनी एकदाही कुरकुर केली नाही. वॉकर धरून व्हरांड्यात येण्याइतपत झाल्यावर त्यांनी भजनी मंडळातल्या साखरवाल्या बायकांची नावं काढली आणि कार्तिकी एकादशीच्या आठवडाभर आधी एकेकीला फोन लावला. "उपास करणार ना? मग गोळी किती घ्यायची ते आधी डॉक्टरांना विचारून घे. आणि साखर किती वर्षांची आहे, हाडांचं काय, तेही त्यांच्या कानावर घाल."