सहा ते नऊ महिने

2017 च्या कायदादुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आजी-आजोबा पुण्याला किंवा हुबळीला आणि आईबाप बेंगळुरूला, अशा घरांना या कायद्याचा मोठाच आधार आहे. पण रजा संपते तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचं असतं, आणि गोवराच्या लसीची पहिली मात्रा मिळते नऊ महिने पूर्ण झाल्यावर. मधले तीन महिने ते लस न घेतलेलं बाळ इतर मुलांच्या गर्दीत असतं.

लस आधी का देत नाहीत? आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असतात, ती लसीचा जोर मारतात. हीच प्रतिपिंडं हळूहळू ओसरतात, आणि लस घेतलेल्या आईची तर लवकर. माझ्या पिढीला गोवर येऊन गेला होता. माझ्या सुनेच्या पिढीला लस मिळाली, कारण 1985 पासून ती सरकारी कार्यक्रमात आली. गोवर टळला हे उत्तमच, पण बाळाला आईकडून मिळणारी ही शिदोरी थोडी आखूड झाली.

नातवासाठी बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधली पाळणाघरं पाहत हिंडले. सगळीकडे कॅमेरे दाखवले, नाचणीच्या खिरीचं कौतुक ऐकवलं, झोपायची एसी खोली दाखवली. लसीच्या कार्डाची झेरॉक्स घेऊन फायलीला लावली, की त्यांचं काम संपलं. दुसरी मात्रा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान असते. प्रवेशानंतर ती झाली की नाही, हे कोण पाहतं, असं विचारलं तर नेमकं उत्तर मिळालं नाही. त्या एसी खोलीचंही मला कौतुक वाटेना. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतो. शिवाय अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल संसर्ग पसरवतं. तेव्हा ते नुसतं तापलेलं, शिंकणारं, लाल डोळ्यांचं असतं. पुरळ दिसलं की घरी पाठवू, हा नियम म्हणूनच उशिराचा.

2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपास गोवराची साथ आली, तेव्हा काही भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा मात्रा देण्यात आली. ती हिशेबात धरायची नसते; पुढच्या दोन्ही मात्रा द्याव्याच लागतात. एरवी या वयाच्या बाळाचं रक्षण भोवतालच्या माणसांनीच करायचं. शंभरातल्या निदान 95 जणांच्या दोन्ही मात्रा झाल्या असतील, तर गोवराला शिरायला वाट उरत नाही.

त्या माणसांत पाळणाघरातल्या आयाही आल्या. त्यांच्या लसीची चौकशी करताना मी कुणाला पाहिलं नाही. त्यांची स्वतःची मुलं, शेजारच्या बांधकामावर कलबुर्गी-रायचूरहून आलेल्या मजुरांची मुलं, सगळी त्याच हवेतली. कुणाचं ‘तायी कार्ड’, म्हणजे लसींची नोंद असलेलं आई-बाळाचं सरकारी कार्ड, गावीच राहिलेलं असतं. कार्ड नाही म्हणून लस अडत नाही, सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते, एवढं आयांना सांगितलं तरी ते वस्तीपर्यंत पोचतं.

पाळणाघर निवडताना खिरीबरोबर तीन गोष्टी विचारा: दुसऱ्या मात्रेची नोंद कोण ठेवतं, ताप आलेल्या मुलाला त्याच दिवशी घरी पाठवता का, आणि आयांना लस दिली आहे का. उत्तर नसेल, तर दुसरं पाळणाघर पाहा.